व्याजावर शिकलेली माणसं

स्मरणिका समितीची मंडळी लेख मागायला आली तेव्हा म्हणाली, "काका, बँकेतल्या गमतीजमती लिहा." अडतीस वर्षांच्या नोकरीत गमती पुष्कळ झाल्या. त्या मी कोजागिरीला गच्चीवर आणि एरवी जिन्यात भेटेल त्याला सांगतच असतो. यंदा मात्र थोडा इतिहास लिहायचं ठरवलं, आणि त्याला कारण आहे.

गेल्या सर्वसाधारण सभेत रौप्यमहोत्सवी निधीतून उरणाऱ्या तीन लाखांचं काय करायचं, यावर दीड तास चर्चा झाली हे आपणा सर्वांना आठवत असेलच. प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट लावायचं, की आपल्याकडे काम करणाऱ्या मंडळींच्या मुलांसाठी कायमची शिष्यवृत्ती ठेवायची? चहा थंड झाला, आवाज गरम झाले, आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. त्या सभेच्या आधी शिष्यवृत्ती ही काय चीज आहे, ती कोणी ठेवली, कोणाच्या कामी आली आणि कशी मरते, हे वाचनातून आणि अनुभवातून सांगावं, एवढाच या लेखाचा हेतू.

मंगळदास शेटजींचे वीस हजार

माझी सुरुवातीची दहा-बारा वर्षं फोर्टमधल्या शाखेत गेली. डोंबिवलीहून लोकलने व्हीटी, तिथून पायी शाखा. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून फिरायची सवय होती. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटातून सौभाग्यवतींसाठी कापड कितीदा तरी आणलं असेल, पण हे मंगळदास कोण, असा प्रश्न कधी पडला नाही. तो पडला निवृत्तीनंतर, वाचायला वेळ मिळाल्यावर.

सर मंगळदास नथुभाई (१८३२–१८९०) हे मुंबईतले कपोळ वाणी समाजाचे मोठे शेटजी. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच या शेटजींनी विद्यापीठाला वीस हजार रुपये दिले. हेतू असा, की या रकमेच्या व्याजातून हिंदू पदवीधरांना परदेशी प्रवास करता यावा. त्या काळात समुद्र ओलांडला की जात बाटली असं मानत, परत आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे. अशा दिवसांत स्वतःच्या समाजातल्या मुलांनी समुद्रापार जावं म्हणून पैसे ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती.

आता बँकवाल्याच्या नजरेने पाहा. चार टक्के धरले तर वीस हजारांचे वर्षाला आठशे रुपये झाले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज वाटायचं. आपण मुदत ठेव ठेवतो आणि व्याज बचत खात्यात घेतो, तसंच हे. फरक इतकाच, की ठेवणारा गेला तरी ठेव मोडायची नाही आणि व्याज घेणारा दरवेळी नवा.

बुडालेला शेटजी, न बुडालेलं दान

दुसरं नाव प्रेमचंद रायचंद यांचं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं होतं, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. शेअर बाजारात हर्षद मेहताच्या वेळी जे झालं ते आपण पाहिलंय. त्याची आजी म्हणावी अशी ती तेजी. प्रेमचंदजी त्या तेजीचे राजे. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं ठरलं. तोच आपला राजाबाई टॉवर.

युद्ध संपलं, कापूस कोसळला, १८६५ मध्ये बाजार बसला. प्रेमचंदजी बुडाले, त्यांच्या सल्ल्याने चालणारी बँक ऑफ बॉम्बेसुद्धा पुढे गुंडाळावी लागली. पण विद्यापीठाला दिलेले पैसे त्यांच्या वहीतून केव्हाच गेलेले होते, म्हणून ते वाचले. मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. मी त्याखालून जाताना मनगटावरचं घड्याळ लावून घेत असे.

याच प्रेमचंदजींनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले होते. त्यातून निघालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती १८९७ साली एका बंगाली तरुणाला मिळाली. त्याचं नाव जदुनाथ सरकार. औरंगजेबाचा आणि शिवाजी महाराजांचा इतिहास लिहिणारे, आपल्या रियासतकार सरदेसायांचे स्नेही, ते हेच जदुनाथ. मुंबईच्या कापसातला पैसा, कलकत्त्याचा विद्यार्थी, आणि विषय मराठ्यांचा इतिहास! देणाऱ्याने अशी साखळी कल्पिली तरी असेल का?

आमच्या धंद्यातलं एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. नाना शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकला मिळत असे. १९१२ साली ती रायगडाच्या परिसरातल्या एका मुलाने मिळवली. तोच मुलगा १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. चिंतामणराव देशमुख. संस्कृतच्या शिष्यवृत्तीतून नोटांवर सही करणारा माणूस निघाला! त्यांनी पुढे मेघदूताचा मराठी अनुवादही केला, म्हणजे नानांच्या नावाची फेडही झाली.

अट नडते ती अशी

देणगीला जोडून अट येते, आणि कधीकधी अटच विद्यार्थ्याच्या आडवी येते. कॉर्नेलिया सोराबजी ही नाशिकला जन्मलेली मुलगी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री-पदवीधर झाली. ती कॉलेजात पहिली आली. पहिल्या येणाऱ्याला विलायतेला शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. ती बाई आहे म्हणून तिला नाकारली गेली. शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी गोळा केली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही वाटा होता. तेव्हा कुठे १८८९ साली ती ऑक्सफर्डला पोचली. मार्क होते, पैसेही होते, फक्त शिष्यवृत्ती ठरवताना मुलगी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

भागवतांची कमल

आता मी ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या बाईंकडे येतो. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. जन्म १९११, इंदूरचा. दुर्गाबाई भागवत यांच्या या बहीण. दुर्गाबाईंना आपण सर्व ओळखतो, कमलाबाईंचं नाव मात्र आपल्या सोसायटीतल्या शास्त्र शाखेच्या मुलांनाही ठाऊक नाही. मी विचारून पाहिलं.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने झाल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेचे जुने विद्यार्थी, रसायनशास्त्रज्ञ. प्रवेश मिळणार हे घरात गृहीतच धरलेलं. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. ही बावीस वर्षांची मुलगी बंगळूरला जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिली आणि कारण विचारत ठाण मांडून बसली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर: एक वर्ष परीक्षेवर, काम पसंत पडलं तरच मान्यता, आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही अट त्यांना आयुष्यभर बोचली. पण वर्षभर दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर त्यांनी असं काम केलं, की पुढे संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं.

१९३६ मध्ये एम.एस्सी. झाली. पुढे केंब्रिजला जायचं तर पैसे? मुंबई विद्यापीठाच्या दोन शिष्यवृत्त्या त्यांना मिळाल्या. एक स्प्रिंगर संशोधन शिष्यवृत्ती, आणि दुसरी सर मंगळदास नथुभाई यांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती.

हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. शेटजींनी पहिले पैसे दिले तेव्हा या विद्यापीठात मुलगी शिकेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सत्तरहून अधिक वर्षांनी, शेटजी जाऊनही जवळपास अर्धशतक लोटल्यावर, त्यांच्या नावाने एक मुलगी बोटीत बसली.

केंब्रिजला सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा होती. जीवनसत्त्वांवरच्या कामाबद्दल १९२९ साली नोबेल मिळालेले ते हे हॉपकिन्स. तिथे कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना दाखवलं, की सायटोक्रोम सी नावाचं द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असतं. पेशीच्या श्वसनाला हे द्रव्य लागतं. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. १९३९ साली पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

परत आल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात आणि मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं. १९४७ मध्ये श्री. सोहोनी यांच्याशी लग्न झालं. ते ॲक्च्युअरी होते, म्हणजे आमच्या आकडेमोडीच्या जातीतले. मग मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक, आणि पुढे त्याच संस्थेच्या संचालक. संचालकपद मिळायलाही चार वर्षं उशीर झाला, पण मिळालं.

त्यांचं काम कोणत्या विषयावर, तर आपल्या ताटावर. कडधान्यं, तांदळाचं पीठ, नीरा. कच्च्या कडधान्यांत अशी काही द्रव्यं असतात, की ती आपल्या पोटातल्या पाचकरसाला अडवतात, त्यामुळे त्यातलं प्रथिन अंगी लागत नाही. वालामध्ये अशी द्रव्यं आहेत, हे कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासलं. आपल्या आया-आज्या वाल रात्रभर भिजवायच्या, मोड आणायच्या, सोलायच्या आणि नीट शिजवून डाळिंब्यांची उसळ करायच्या. भिजवण्याने आणि विशेषतः शिजवण्याने ही द्रव्यं निष्प्रभ होतात. आजीला कारण माहीत नव्हतं, कृती माहीत होती. प्राध्यापकबाईंनी कारण सांगितलं.

नीरेचंही तसंच. दादरला स्टेशनवर नीरा प्यायलेली पिढी या सोसायटीत अजून आहे. ताडाचा हा ताजा रस आंबला की ताडी होतो. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेतल्या पोषणद्रव्यांचा अभ्यास केला. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना ती देता येईल का, हे तपासलं. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत उतरल्या, १९८२-८३ मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या अध्यक्ष होत्या, आणि तिच्या 'कीमत' या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहायच्या. १९९८ मध्ये त्या गेल्या.

मंगळदास शेटजी कापडाच्या बाजारपेठेतले. त्यांच्या नावाच्या व्याजातून कुपोषित मुलाच्या पेल्यातल्या नीरेपर्यंत गोष्ट आली. याचा परतावा कोणत्या पासबुकात लिहायचा?

माझ्या हातून झालेली चूक

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता कडू सांगतो, कारण ते माझ्याच हातून झालं.

१९७७-७८ ची गोष्ट. एक निवृत्त शिक्षक माझ्या काउंटरवर आले. धोतर, काळी टोपी, हातात कापडी पिशवी. त्यांना आपल्या शाळेच्या नावाने एक हजार रुपयांची ठेव ठेवायची होती. व्याजातून दरवर्षी गणितात पहिल्या येणाऱ्या मुलाला त्यांच्या दिवंगत मुलाच्या नावाने बक्षीस द्यायचं. पाच वर्षांवरच्या ठेवीला तेव्हा दहा टक्के व्याज होतं. म्हणजे वर्षाला शंभर रुपये. त्यात एका मुलाची वर्षाची पुस्तकं, वह्या आणि वर गणवेश होत असे. फॉर्म मीच भरला. व्याज दरवर्षी पूर्ण काढून शाळेच्या खात्यात जमा, मुद्दल मुदत संपली की आपोआप नूतनीकरण. सही करताना त्यांनी विचारलं, "साहेब, हे कायम राहील ना?" मी तेव्हा साहेब नव्हतो, साधा क्लार्क होतो. म्हटलं, "गुरुजी, कायम."

पुढे बदल्या झाल्या, बढत्या झाल्या. २००४ च्या सुमारास मी त्या शाखेत अधिकारी म्हणून परत गेलो. जुन्या ठेवी तपासताना ती पावती हातात आली. मुद्दल हजार रुपये, जसंच्या तसं. व्याजदर सहाच्या आसपास उतरलेला, म्हणजे वर्षाला साठ रुपये. चौकशी केली तेव्हा कळलं, की शाळेने ते बक्षीस काही वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. साठ रुपयांत प्रमाणपत्र छापून चौकटीत घालणंही होईना. शाळेला दोष देऊन काय उपयोग? गुरुजींच्या मुलाचं नाव फळ्यावरून पुसलं गेलं त्याला कारण माझा फॉर्म होता. मी त्यांना "कायम" म्हणालो ते मुद्दलाबद्दल खरं होतं. त्याच्या किमतीबद्दल खोटं होतं.

गुरुजी तेव्हा हयात नव्हते. असते तरी मी त्यांना तोंड कसं दाखवलं असतं, कोण जाणे.

आपल्या तीन लाखांचा हिशेब

म्हणून आता सोसायटीपुरतं बोलतो. तीन लाख सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला एकवीस हजार व्याज. उत्साहाच्या भरात आपण सगळे एकवीस हजार वाटून टाकू. ती माझी १९७७ ची चूक पुन्हा होईल. त्याऐवजी मुद्दलाच्या पाच टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी पंधरा हजार, वाटायचे आणि सहा हजार परत मुद्दलात घालायचे. बँकेत आम्ही ७२ चा नियम वापरायचो. बहात्तरला दराने भागलं, की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते साधारण कळतं. मुद्दल दरवर्षी दोन टक्क्यांनी वाढलं तर छत्तीस वर्षांत सहा लाख, आणि वाटायला तीस हजार.

जाणकार म्हणतील, महागाई दोन टक्क्यांनी थोडीच वाढते? बरोबर आहे. नुसत्या व्याजाच्या भरवशावर महागाईशी बरोबरी होत नाही. त्यासाठी मुद्दलात नवी भर पडायला हवी. कोणाच्या घरी बारसं, मुंज, लग्न, साठी, किंवा कोणाची आठवण म्हणून पाचशे-हजार या निधीत टाकले, तर निधी जिवंत राहील. नाव कोणाचंही नको, सोसायटीचं पुरे. पैसे वेगळ्या खात्यात, कायद्यात बसेल अशाच बँकेत, ठराव करून, आणि हिशेब दरवर्षी ताळेबंदासोबत सभेपुढे. हे काम मी हातपाय चालतात तोवर विनामूल्य करीन, आणि आजच एखाद्या तरुण सभासदाला शिकवायला घेईन, कारण माझीही मुदत भरत आली आहे.

अटींबद्दल एकच विनंती. कमीत कमी असाव्यात. सभेत कोणी म्हणालं, नव्वद टक्क्यांच्या वर असेल त्यालाच द्या. कोणी म्हणालं, इंजिनीअरिंग-मेडिकललाच द्या. मंगळदास शेटजींना अन्नावरचं संशोधन सुचलं नव्हतं, प्रेमचंदजींना मराठ्यांचा इतिहास सुचला नव्हता. आपल्याला तरी पुढच्या पंचवीस वर्षांत कोणतं शिक्षण लागणार हे कुठे ठाऊक आहे? मुलगा की मुलगी, कोणता कोर्स, कोणती भाषा, हे विचारू नये. आपल्याकडे काम करणाऱ्या कोणाचं मूल आहे का, शिकतंय का, आणि फीची पावती आहे का, एवढं पुरे.

हे मी हवेत बोलत नाही. गेल्या जूनमध्ये आपल्या विंगमध्ये झाडलोट करणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या. मुलीला डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता आणि नऊ हजार कमी पडत होते. "साहेब, तुमच्या बँकेतून कर्ज मिळंल का?" मी निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी त्यांना ती माझीच बँक वाटते. शैक्षणिक कर्ज मिळतं, चार लाखांपर्यंत तारणही लागत नाही. पण नऊ हजारांसाठी फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, तीन-चार खेपा, आणि प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडणार. तोवर फीची तारीख उलटणार. मोठी रक्कम द्यायला बँक बसलेली आहे. नऊ हजारांसाठी कोणी बसलेलं नाही. त्या वेळी आम्ही तीन-चार घरांनी मिळून भागवलं. पुढच्या वर्षी पुन्हा जून येईल, आणि दरवेळी त्या बाईंनी दारोदार जावं का?

ग्रॅनाइटला माझा विरोध नाही. प्रवेशद्वार चांगलं दिसावं असं मलाही वाटतं. पण ग्रॅनाइटवर व्याज मिळत नाही, हे मी बँकवाला म्हणून नम्रपणे नमूद करतो.

येत्या सभेला सर्वांनी जरूर यावं, विरोधात बोलायचं असेल तरी यावं. चहा या वेळी गरम ठेवायची व्यवस्था करतो.